गळ टाकणाऱ्याला दिवाळीची भेट

दसऱ्याचें सोनें वांटून झालें, कीं यवतमाळ जिल्ह्यांतील नद्यांचें पाणी निवळूं लागतें. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी गढूळ पैनगंगा आपल्या पात्रांत परत येते, वर्धेच्या कांठची वाळू उघडी पडते, आणि पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या लहान नद्यांच्या डोहांत उन्हाची तिरीप खोलवर उतरूं लागते. शेतांत कापूस फुटलेला असतो आणि घरोघरीं वेचणीची गडबड उडालेली असते. परंतु याच सुमारास प्रत्येक गांवांत एकादा तरी असा गृहस्थ आढळतो, कीं ज्याचें लक्ष कापसाच्या भावाकडे नसतें आणि फराळाच्या डब्यांकडेहि नसतें. माळ्यावरची काठी काढून तो तिला तेलाचें बोट लावतो, दोरीची गांठ ओढून पाहतो, आणि गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावर टेकवून त्याची धार अजमावतो. अशा गृहस्थाला दिवाळीची भेट म्हणून काय द्यावें, हा त्याच्या घरच्या मंडळींपुढें मोठाच प्रश्न असतो.

काठी, दोरी किंवा गळ आणून द्यावा, तर त्यांत नव्याण्णव वेळां फसगत व्हायची. या शौकाच्या माणसाची निवड फार चोखंदळ असते. आणलेली दोरी जाड ठरते, गळ लहान ठरतो, काठी जड ठरते; आणि आणणाऱ्याचें मन राखण्याकरितां तो बिचारा ती वस्तु हंसतमुखानें घेऊन कपाटांत ठेवून देतो. पुस्तकाचें तसें नाहीं. दिवाळी आणि वाचन यांचें नातें तर मराठी घरांना नवें नाहींच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून फराळाच्या ताटाशेजारीं छापील मजकूर ठेवण्याची चाल पडली. १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९ सालीं डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं ज्या यवतमाळांत साहित्यसंमेलनें भरलीं, तेथील घरांना पुस्तकाचें महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. अडचण आहे ती निवडीची.

या निवडींत बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात. मासे कसे धरावे हें शिकविणारें पुस्तक ते शोधूं लागतात. पण जो वीस वर्षें अरुणावतीच्या कांठीं बसला आहे, त्याला गांडूळ गळाला कसें टोंचावें हें सांगणाऱ्या पुस्तकाचा काय उपयोग? गळाच्या खेळांत मासा लागण्याचा अवधि क्षणाचा असतो. बाकीचा सारा वेळ वाट पाहण्याचा. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे डोळे लावून बसलेला मनुष्य त्या घटकांत काय काय पाहतो, कशाचा विचार करतो, आणि रिकाम्या हातानें घरीं येऊनहि पुन्हां दुसऱ्या दिवशीं पहाटे कां उठतो, याचा ज्या पुस्तकांत कांहीं उलगडा आहे, तें पुस्तक त्याचें.

त्या दृष्टीनें पाहतां पहिलें नांव घ्यावें लागतें तें 'एका कोळियाने' या पुस्तकाचें. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी १९५२ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९६५ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं ती मराठींत आणली. क्यूबा बेटावरील सँटियागो नांवाच्या म्हाताऱ्या कोळ्याला चौऱ्यायशीं दिवस एकहि मासा मिळालेला नाहीं. पंचायशींव्या दिवशीं तो एकटाच आपली होडी दूर समुद्रांत नेतो, त्याच्या गळाला होडीहून लांब असा प्रचंड मासा लागतो, आणि तीन दिवस त्या दोघांची झुंज चालते. अखेर मासा त्याच्या हातीं येतो खरा. पण परतीच्या वाटेवर शार्क त्याचे लचके तोडतात आणि किनाऱ्याला पोंचतो तो नुसता सांगाडा. कथानक एवढेंच. परंतु गळ टाकणाऱ्या वाचकाला या पुस्तकांत जें दिसेल, तें इतरांना दिसणार नाहीं. दोरी बोटांवरून सरकत असतां खालच्या माशाचा स्वभाव कसा कळत जातो. ओढावें केव्हां आणि सैल सोडावें केव्हां. ज्याला मारावयाचें त्याच्याविषयींच मनांत आदर कसा दाटतो, या गोष्टी पूस नदीच्या डोहावर दोन शेर वजनाचा मासा ओढतांनाहि खऱ्याच असतात.

मराठी नांवाचें मर्म तर निराळेंच आहे. मराठींत कोळी हा जाळें विणणारा जीवहि आहे आणि जाळें टाकणारा मनुष्यहि आहे. उंचावर जाळें बांधतांना पुन्हां पुन्हां पडणाऱ्या आणि पुन्हां पुन्हां चढणाऱ्या कोळ्याची जुनी कविता शाळेंत ज्यांनीं पाठ केली, त्यांना तिच्या पहिल्याच शब्दांचें हें शीर्षक पाहतांच म्हाताऱ्या सँटियागोचें सारें चरित्र आधींच समजतें. मूळ इंग्रजी नांवांत ही सोय नाहीं. पु. लं.ना केवळ विनोदी लेखक म्हणून ओळखणाऱ्या घरांत तर हें पुस्तक अवश्य जावें. येथें त्यांनीं विनोद पार बाजूला ठेवून हेमिंग्वेच्या आंखूड, कोरड्या वाक्यांशीं गांठ घातली आहे. एक सूचना मात्र करावीशी आहे. ज्यानें नुकतीच निवृत्ति घेतली आहे किंवा ज्याच्या मागें कांहीं मोठें अपयश नुकतेंच लागलें आहे, त्याच्या हातीं हें पुस्तक भाऊबीजेला देण्यापूर्वीं देणारीनें तें स्वतः एकदां वाचून घ्यावें. तें धीर देणारें आहे, पण स्वस्त धीर देणारें नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रकृतीचें लेखन जिम कॉर्बेट यांचें. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हा त्यांचा ग्रंथ १९४४ सालीं निघाला आणि नरभक्षक वाघांमुळें जगभर गाजला. त्याचीं मराठी भाषांतरेंहि झालीं आहेत. परंतु त्या वाघांच्या गर्दींत एक प्रकरण माशाचें आहे, हें पुष्कळांच्या लक्षांतहि राहत नाहीं. हिमालयाच्या पायथ्याशीं वाहणाऱ्या नदींत महाशीर धरण्याचें तें वर्णन आहे. माशापेक्षांहि नदी, तिच्या कांठचे पक्षी आणि सकाळचा प्रकाश यांना त्यांत जास्त जागा मिळाली आहे, आणि गळ टाकण्याच्या सुखांत जागेचें सौंदर्य हा मोठा भाग आहे, हें त्यांतून ध्यानीं येतें. टिपेश्वरच्या रानांत वाघ आणि पैनगंगेंत मासे असलेल्या या जिल्ह्यांत तें विशेष गोडीनें वाचलें जाईल. भाषांतर विकत घेतांना अनुक्रमणिका उघडून तें प्रकरण आंत आहे ना, एवढें पाहून घ्यावें. संक्षिप्त आवृत्त्यांत पहिला बळी अशाच प्रकरणाचा पडतो.

इतर इंग्रजी ग्रंथांविषयीं थोडक्यांतच सांगणें बरें. आयझाक वॉल्टन यांचा 'द कंप्लीट अँग्लर' १६५३ सालचा. इंग्लंडांत यादवी युद्धाची धामधूम होऊन गेल्यावर लंडनमधील एका व्यापाऱ्यानें शांत पाण्याकांठीं बसून लिहिलेला हा संवादरूप ग्रंथ गोड आहे, पण त्याची इंग्रजी जुनी आणि त्यांतले मासे परके. पेन्शनींत निघालेल्या, इंग्रजी काव्य वाचलेल्या एकाद्या वकीलसाहेबांना तो द्यावा. कॉलेजांतल्या मुलाला देऊं नये. एच. एस. थॉमस यांचा 'द रॉड इन इंडिया' हा १८७३ सालचा. मद्रास इलाख्यांत सनदी नोकरी करणाऱ्या या साहेबानें हिंदी नद्यांचें निरीक्षण बारकाईनें केलें आहे. मॅक्डोनल्ड यांचें महाशीरावरील पुस्तक १९४८ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें छापलें. हे दोन्ही ग्रंथ साहेबी शिकारीच्या काळांतले आहेत, आणि तो सूर त्यांत जागोजागीं ऐकूं येतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत योग्य किंमतीला मिळाले तर घ्यावे. त्यांच्यासाठीं कर्ज काढूं नये.

खरें नवल असें, कीं वॉल्टन जन्मण्याच्या कितीतरी आधीं, दख्खनच्याच एका राजानें गळाच्या मासेमारीवर लिहून ठेवलें आहे, आणि मासेमारीच्या शौकिनांना बहुधा त्याची वार्ताहि नसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर हा ११२६ पासून ११३८ पर्यंत गादीवर होता. त्यानें ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशती, असे त्याचे शंभर अध्याय. राज्य कसें मिळवावें, कसें टिकवावें येथपासून हत्ती, घोडे, रत्नें, स्वयंपाक, गाणें, चित्रकला येथपर्यंत राजाच्या आयुष्यांतील एकहि विषय त्यानें सोडलेला नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, हा जो जुना उल्लेख मराठीचे अभ्यासक आवर्जून सांगतात, तो याच ग्रंथांतला. त्यांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें प्रकरण आहे. मासा समुद्राचा कीं नदीचा, खवल्यांचा कीं बिनखवल्यांचा. कोणत्या माशाला कोणतें आमिष रुचतें. दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, मासा लागल्यावर काय करावें, याचा विचार राजानें केला आहे. विनोद या शब्दाचा अर्थ येथें मनाची करमणूक. पोटासाठीं मासे धरणें निराळें आणि मनासाठीं धरणें निराळें, हा भेद त्या शीर्षकांतच स्पष्ट आहे. आपल्या नवऱ्याचा किंवा भावाचा हा नाद निव्वळ रिकामटेकडेपणा आहे असें ज्या घरांत म्हटलें जातें, तेथें सोमेश्वराची साक्ष काढण्यास हरकत नाहीं.

'मानसोल्लास' बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादित केलेल्या तीन भागांत निघाला. पहिला भाग १९२५ सालीं, शेवटचा १९६१ सालीं. मूळ संस्कृत सर्वांना पेलणार नाहीं. पण मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या प्रकरणावर इंग्रजींत विस्तृत लेख लिहिला. माशांची जात ओळखणारा शास्त्रज्ञ आणि सव्वाआठशें वर्षांपूर्वींचा राजा यांची गांठ घालून देणारा तो लेख आहे. ज्या घरांत संस्कृत जाणणारें कोणी वडील माणूस आणि गळ टाकणारा तरुण असे दोघेहि असतील, तेथें दिवाळीच्या सुट्टींत रोज थोडें थोडें असें हें प्रकरण दोघांनीं मिळून वाचावें. याहून चांगली भेट सुचविणें कठीण आहे, कारण तींत पुस्तकाबरोबर वडिलांचा वेळहि येतो.

येथें मात्र एका अडचणीचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वॉल्टनच्या पुस्तकांत इंग्लंडचे मासे, कॉर्बेटच्या पुस्तकांत हिमालयाचा महाशीर, हेमिंग्वेच्या पुस्तकांत परका समुद्र. पैनगंगेच्या डोहांतील माशांचें काय? गळाच्या मासेमारीवर इंग्रजींत जेवढें लिहिलें गेलें, त्याच्या मानानें मराठींतलें लेखन अगदींच तोकडें आहे. आणि तरीहि एक विलक्षण गोष्ट घडून गेलेली आहे. कर्नल विल्यम साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठीं दख्खनची पाहणी करीत असतां त्यानें पुण्याच्या बाजूच्या नद्यांतील मासे जमविले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचीं शास्त्रीय वर्णनें प्रसिद्ध केलीं. नवीन जातींना नांवें देतांना त्यानें पुष्कळ ठिकाणीं लॅटिन शब्द न शोधतां स्थानिक कोळ्याभोयांच्या तोंडचेच शब्द उचलले. खुदरी, नुकटा, फुलुंगी, कोळस, संदखोल अशीं तीं नांवें. दख्खनच्या महाशीराचें शास्त्रीय नांव आजहि 'टॉर खुदरी' असेंच आहे. लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत जेथें जेथें या माशाचा उल्लेख येतो, तेथें तेथें दख्खनच्या नदीकांठच्या कोण्या अक्षरशत्रु माणसाचा एक शब्द मुकाट्यानें उभा असतो.

हा महाशीर पुढें इतका दुर्मिळ झाला, कीं १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीला त्याची पैदास करण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. यवतमाळ जिल्ह्यांतहि पाणी पूर्वींचें राहिलेलें नाहीं. पैनगंगेवर इसापूरचें, पूस नदीवर पुसदजवळ, अरुणावतीवर दिग्रसजवळ आणि बेंबळेवर बाभूळगांव तालुक्यांत अशीं धरणें उभीं राहिलीं. जेथें वाहती नदी होती तेथें विस्तीर्ण जलाशय झाले, आणि त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचें बीज सोडलें जाऊं लागलें. मासळी वाढली, मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेके मिळाले, बाजारांत माल आला, हें सर्व चांगलेंच झालें. परंतु वाहत्या, खडकाळ पाण्यांत राहणारे जे लहान मोठे मासे होते, त्यांची वस्ती आकसली; आणि मासा दिसेनासा झाला, कीं त्याचें नांवहि पुढच्या पिढीच्या तोंडून नाहींसें होतें. मरळ, वाम, शिवडा हीं नांवें शहरांतल्या घरांनाहि ठाऊक असतात. पण ज्यांना बाजारांत भाव नाहीं, जे वीतभरहि वाढत नाहींत, अशांचीं नांवें भोई आणि ढीवर मंडळींतल्या म्हाताऱ्यांपाशींच उरलीं आहेत. साइक्ससारखा टिपून घेणारा त्यांच्याकडे गेला, तरच तीं उरावयाचीं.

विदर्भांत असें टिपून घेण्याचें काम ज्यांनीं आयुष्यभर केलें, ते मारुती चितमपल्ली. वनखात्याच्या नोकरींत ते जेथें गेले, तेथल्या आदिवासींकडून, ढीवरांकडून, गुराख्यांकडून त्यांनीं पक्ष्यांचीं, झाडांचीं आणि पाण्याचीं नांवें गोळा केलीं आणि तीं मराठीला दिलीं. त्यांचें 'नवेगावबांधचे दिवस' हें पुस्तक कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांच्या मुलुखांतलें आहे. तें गळावरचें पुस्तक नव्हे. पण पाण्याच्या कांठीं गप्प बसून पाहावें कसें, आणि पाहतांना जवळच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाला गुरु कसें करावें, हें त्यांतून जितकें समजेल तितकें दुसरीकडे क्वचितच. २०२५ च्या जून महिन्यांत चितमपल्ली गेले. त्यांचीं पुस्तकें मात्र सहज मिळतात, किंमतीनें आवांक्यांतलीं आहेत, आणि ज्याला एकच पुस्तक द्यावयाचें आहे व घेणाऱ्याची आवड नीट ठाऊक नाहीं, त्यानें डोळे मिटून हेंच द्यावें. त्यासोबत पक्ष्यांच्या ओळखीचें एकादें सचित्र पुस्तक जोडतां आलें तर उत्तम. बूच हलत नाहीं तोंवर समोरच्या फांदीवरचा खंड्या आणि पाण्यांतला बगळा हेच गळ टाकणाराचे सोबती असतात, आणि मासे धरण्यांत ते दोघे त्याच्याहून पुष्कळ वरचढ असतात.

या सर्व पुस्तकांच्या जोडीला आणखी एक वस्तु द्यावी, असें सुचवावेंसें वाटतें. ती म्हणजे जाड पुठ्ठ्याची एक कोरी वही. आंतल्या पानांवर घरांतल्या मुलांकडून रेघा आंखून घ्याव्या आणि रकाने पाडावे: दिवस, जागा, पाण्याचा रंग, आमिष, मिळालेला मासा, आणि भोई त्याला काय म्हणतो तें. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. त्यांत नांव लिहावयाचें म्हणजे भोयाच्या वस्तींत जावें लागेल, त्याच्याशीं बोलावें लागेल, आणि ज्या पाण्यावर त्याचें पोट चालतें त्या पाण्यावर आपण केवळ हौसेनें आलों आहों, हें शौकिनाच्या ध्यानांत येईल. जलाशयाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घेऊनच गळ टाकावा, अभयारण्याच्या हद्दींत तो टाकूं नये, हें मग कोणी निराळें सांगावयास नको. पाण्यांत सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. वहींत रोजचें पाणी टिपणाऱ्या माणसाला तो कायदा कां झाला हेंहि समजूं लागेल.

मरळीचेंच उदाहरण पाहावें. ही मासळी पाण्यावर येऊन हवा घेते, म्हणून शौकिनाला तिची जागा सहज सांपडते. तिचीं पिल्लें नारिंगी रंगाचा थवा करून पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरत असतात आणि मायबाप त्यांच्या खालीं राखण करीत असतात. त्या वेळीं मोठी मरळ गळाला लागणें अगदीं सोपें. पण ती उचलली, कीं सारा थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. जाणता भोई अशा थव्यावर गळ टाकीत नाहीं. ही गोष्ट वरच्या इंग्रजी ग्रंथांत शोधूं गेल्यास हातीं लागेलच असें नाहीं. डोहाच्या कांठीं शेजारीं बसलेला म्हातारा ती एका वाक्यांत सांगून जातो. तें वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच्याच वऱ्हाडी बोलींत वहींत उतरावें. शुद्ध करूं नये.

वहीबरोबर शाईचा पेन मात्र देऊं नये, शिसपेन्सिल द्यावी आणि ती दोऱ्यानें वहीच्या पुठ्ठ्याला बांधावी. नदीकांठीं हात ओले असतात, आणि शाई पसरते.